फडक्याला लागलेलं सोनं

सोनं मी हळद समजून पुसून टाकलं. दुसऱ्या कुणाचं नाही, माझंच. आणि दागिन्यातलं नाही, यंत्रातलं.

यंत्र म्हणजे सिलिकॉनची नखाएवढी चकती बसवलेली एक डबी. हळकुंडावर टेकवली की ती अवरक्त प्रकाश सोडते. डोळ्यांना तो दिसत नाही, पण पाण्याला भारी आवडतो. हळकुंड आतून ओलं असेल तर पाणी तो पिऊन टाकतं, परत येतो तो थोडाच. वाळलेलं असेल तर भरपूर येतो. अडचण अशी, की मोबाइलचा कॅमेरा ज्या सिलिकॉनच्या जिवावर चालतो, त्याला हा प्रकाश जाणवतच नाही. काचेतून ऊन जावं तसा आरपार निघून जातो. म्हणून त्यावर केसाहून बारीक सोन्याच्या पट्ट्या बसवायच्या. प्रकाश पडला की सोन्यातले इलेक्ट्रॉन एकदम डुलायला लागतात आणि त्यांतले चार चुकार मधला बांध ओलांडून सिलिकॉनच्या रानात शिरतात. तेवढीच वीज मोजायची. या पट्ट्यांपायी प्रयोगशाळेत माझे केस पांढरे झाले.

वसमतजवळच्या आमच्या गावी मी ती डबी मिरवत नेली, तेव्हा वहिनीनं हळद शिजवून, वाळवून, पॉलिशच्या ढोलात घोळून पोत्यांची तोंडं शिवलीसुद्धा होती. सकाळी शेजाऱ्यांच्या टेम्पोतून पोती मोंढ्यावर विकायला जाणार आणि वहिनी आखाडा बाळापूरला, बहिणीच्या लेकीच्या लग्नाला. संध्याकाळी हळद लागायची होती. मावशीशिवाय लावून घेणार नाही म्हणून ती पोरगी अडून बसलेली.

टेम्पो दारात उभा होता. मी म्हटलं, थांबा, आधी तपासतो. डबी उघडली तर चकतीवर पिवळसर झाक. आमच्या घरी त्या दिवसांत उशीपासून चहापर्यंत सगळंच पिवळं असतं. मी फडकं घेतलं आणि चकती लख्ख केली.

पोत्यांचे कोपरे जरा उसवून एकेक हळकुंड बाहेर काढलं. पहिलं पोतं: ओली. दुसरं: ओली. तिसरंही.

वहिनीनं एक हळकुंड कट्कन मोडलं. "ऐकलं का भावजी? ओली असती तर वाकली असती."

"वहिनी, आतलं पाणी कानानं कळत नसतं," मी म्हणालो. हे वाक्य मला आजही झोपू देत नाही.

भावाचा माझ्या शिक्षणावर फार विश्वास. "एवढा शिकलाय, उगीच सांगंल का?" म्हणत त्यानं टेम्पो रिकामाच वाटेला लावला, पोत्यांच्या सगळ्या शिलाया उसवल्या आणि सगळी हळद पुन्हा ताडपत्रीवर पसरली.

"आता हिला राखायचं कुणी?" वहिनीची पिशवी दारातच होती. "हळदीपायी पोरीची हळद चुकंल माझी!"

मग ती आत गेली आणि डब्यातलं गेल्या सालचं हळकुंड घेऊन आली. "ह्याला टेकवा."

ओलं.

तिनं अंगणातली वीट पुढं केली. वीटही ओली. शेवटी चुलीवरचा तवा आणला.

"तवा बी ओला व्हय, भावजी?"

मी डबी उघडली. चकती आरशासारखी स्वच्छ होती, इतकी स्वच्छ ती जन्मात कधी असायला नको होती. फडकं उन्हात धरलं, तर हळदीच्या डागात एक बारीकशी चमक. आंधळ्या सिलिकॉनला परत आलेला प्रकाश दिसतच नव्हता, आणि प्रकाश नाही म्हणजे पाणी आहे, असा डबीचा सरळ हिशोब.

मी खरं ते सांगितलं. भाऊ ताडपत्रीवर बसून पोट धरून हसला. वहिनी हसली नाही.

"तुमी दोघं गाडीवर निघा," मी म्हटलं. "हळद मी राखतो. पोती भरतो, शिवतोसुद्धा."

भावानं मोटारसायकल काढली. वहिनी पिशवी घेऊन मागं बसली, अन् तिथूनच तिनं हात पुढं केला.

"राखा. पर ते फडकं आधी इकडं द्या. पिवळं दिसलं की पुसून राहिले तुमी."