आक्काचं मडकं

माझी थोरली बहीण आक्का रोह्याला एकटी राहते. मूलबाळ नाय. दिवाळीनंतर फोनवर म्हणाली, "मला अग्नी तूच द्यायचा." मी फोनच ठेवला. सत्तरी गाठली मी, पण तिरडी दिसली की अजून मागल्या दारानं पळते. नवरा गेला तेव्हा बायकांनी उंबऱ्याशी थांबायचं म्हणून थांबले, आणि खरं सांगते, बरंच वाटलं. पण आक्काला नाय कसं म्हणायचं? म्हटलं, आधी स्मशान बघून येते, मग काय ते सांगते.

आमच्या जोहे गावाहून पेणला एसटी, बायकांना अर्धं तिकीट. पुढं पेण-रोहा रेल्वे. गाड्या मोजक्या, वेळ विचारून निघा. मी नाय विचारली, मग फलाटावर दोन गार वडापाव खात बसले. निडी स्टेशनलाच रोहा समजून उतरायला उठले, तर शेजारची बाई म्हणाली, "मावशी, बसा. रोहा पुढं हाय, पळून नाय जात."

आक्का दारातच उभी. "आलीस? सरणाचं माप घ्यायला?"

"तुझ्या जिभेला वेगळी लाकडं लागतील."

वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी जेवलो, रिक्षा केली. रिक्षावाल्यानं विचारलं, "कोण गेलं?"

आक्का म्हणाली, "अजून कोणी नाय. जागा बघायला चाललोय." तो पुढं वाटभर आरशातून आमच्याकडंच बघत होता.

फाटकाशी माझे पाय थांबले. आक्का म्हणाली, "चल गो, आत सगळे गपगार असतात. तुझ्याशी भांडायला कोण नाय." तिचा हात धरून गेले. मला वाटलं होतं, हाडं, कुत्री, धूर. तर आत झाडलेलं अंगण, पत्र्याची शेड, तगरीची झाडं आणि खाली कुंडलिका. राखणदार लाकडं रचत होता.

शेडच्या कडेला मडकी ठेवलेली. एकाला चीर गेलेली. आम्ही गणपतीच्या मूर्ती करणारे, चीर दिसली की हात थांबत नाय. नळाजवळची ओली माती घेतली, अंगठ्यानं बुजवली, वरून पाण्याचा हात फिरवला.

राखणदार ओरडला, "अहो आजी, काय करताय? त्याला दगडानं भोक पाडतात! पाणी गळत गळत फेरे घालायचे, मग फोडायचं."

आक्का हसून हसून पायरीवर बसली. "माझ्या बहिणीला आयुष्यभर चिरा बुजवायचीच सवय!"

मलाही हसू आलं. स्मशानात हसले मी! मग धीर करून राखणदाराला विचारलं, "दादा, बाईनं अग्नी दिला तर चालतं?"

"लाकूड विचारत नाय, कोणी पेटवलं."

"आणि हात थरथरला तर?"

"पुरुषांचेही थरथरतात, आजी. मी धरतो."

परतताना रिक्षात आक्काला म्हटलं, "देईन अग्नी. मडकंही मीच करीन. पण तू आजारी पडून मला रडवायचं नाय."

घरी येऊन आठवडा झाला. परवा एक तिरडी आमच्या दारावरून गेली. मागल्या दाराकडं वळले होते, पण पुढच्या ओट्यावर उभी राहिले, हात जोडले. भीती सगळी गेली असं नाय म्हणणार, खोटं कशाला बोलू?

आमच्या मूर्तींच्या कारखान्यात उरलेल्या शाडूचं एक मडकं केलंय. पातळ, न भाजलेलं, एका दगडात फुटेल असं. आक्काचा काल फोन आला, "माझं मडकं केलंस का गो?"

"केलं. सध्या त्यात वाल भरलेत. तुला घाई नाय ना?"

"नाय गो. वाल संपव आधी."

अख्खी पायली भरलीय.