मशीनवर ठेवलेला चहा

"चहा काठोकाठ भरा," हे मामांचं पहिलं वाक्य. गल्लीत शिलाई मशीन बिघडो की पिठाची गिरणी. आणि कप हातात आला की प्यायचा सोडून मशीनवर ठेवायचे!

मामा म्हणजे मानवतला आमच्या शेजारी राहणारे, कापसाच्या जिनिंग कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. मी शाळामास्तर. कम्प्युटरच्या हुकमावर लाकूड कोरणारं छोटं मशीन मी हौसेनं घरीच जोडलं होतं. दसऱ्यानंतर त्यानं असा घोळ घातला की विचारू नका. गोल कोरायला सांगावं तर अंडं, आणि कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या. बहिणीची वास्तुशांत दोन दिवसांवर. तिच्या दारावरची पाटी वडिलांनी जपून ठेवलेल्या सागवानी फळीतून करायची होती. फळी एकच. वाया गेली तर दुसरी द्यायला वडील थोडेच येणार होते?

मी कम्प्युटरला शिव्या घातल्या, पातं बदललं, वेग कमी केला. शेवटी मामांना बोलावलं.

त्यांनी कप मशीनच्या सरकत्या पाटावर ठेवला. "चालवा हळू." पाट सरकू लागला. चहावर ठराविक अंतरानं एक थरथर उठायची.

"बगा, दर फेऱ्याला ठेचकाळायलंय. डोकं बरं हाय त्याचं, पाय तपासा."

चष्मा कपाळावर चढवून त्यांनी दातेरी पट्टा काढला, चाकाच्या दातांत पिन फिरवली आणि माझ्या तळहातावर काहीतरी ठेवलं. कुंकवात माखलेला तांदळाचा दाणा. खंडेनवमीच्या अक्षतांतला! मशीनच्या पूजेत मीच मूठभर उधळल्या होत्या की हो.

"पूजा करावी गुरजी, पर त्याच्या दातात घास कशाला कोंबायचा?"

लाजही वाटली, हसूही आलं. पट्टा बसला, चहा निवांत झाला. मग फळी लावली. माझा जीव टांगणीला. पण गोल गोलच आला. मामांनी गार चहा एका घोटात संपवला.

"उरल्या तुकड्यात तुमची पाटी करतो," मी म्हणालो.

"राहू द्या. माझं घर कोण हुडकायलंय?"

तरी मी करणारच होतो. आज करू, उद्या करू म्हणत राहिलो, आणि माघात मामा गेले. त्याची चुटपुट अजून जात नाही.

यंदा खंडेनवमीला अक्षता मशीनपासून हातभर लांब वाहिल्या. तो उरलेला सागवानी तुकडा काढला. आधी काठोकाठ चहा पाटावर ठेवून पाहिला. हललासुद्धा नाही. मामांचं नाव कोरलं आणि पाटी शेजारी नेऊन दिली.

मामींनी कडेवरून बोट फिरवलं. "लय साफ आलीय," त्या म्हणाल्या. "त्येंला दाखवायला पायजे होती."