पाठ केलेला तक्ता

लखनौला गलाईच्या दुकानात सोनं गाळताना तेजाब उडालं आणि माझं उजवं बुबुळ पांढरं पडलं. तेव्हापासून मी इथल्याच डोळ्यांच्या एका डॉक्टरसाहेबांकडे जातो. बुबुळाच्या रोगांवर त्यांचं वर्षानुवर्षं संशोधन चाललंय. माझ्यावर त्यांनी नवीन पद्धतीची शस्त्रक्रिया केली.

साहेब नागपूरकडचे. डोळा तपासताना श्वास रोखून धरतात आणि "अच्छा" म्हणत सोडतात. शेवटचा पेशंट गेला की मला म्हणतात, "बसा हो पाच मिनिटं. घरी पोरगा हिंदीतच उत्तर देते." मग आम्ही दोघं मराठीत बोलत बसतो.

एवढ्या भल्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून मी चूक केली. डोळ्यावर पुन्हा धुकं आलं होतं, तरी अक्षरांचा तक्ता पाठ करून घडाघडा म्हणून दाखवला. खूश होऊन त्यांनी मला चहा पाजला.

पुढच्या खेपेला त्यांनी बॅटरी मारून डोळा पाहिला आणि भिंतीवर दुसराच तक्ता लावला. माझ्या तोंडून अक्षर फुटेना.

"कितवी शिकले?"

"सातवी."

"पाठांतर चांगलं आहे." ते हसले नाहीत. "तुमच्या भरवशावर मी उद्या दुसऱ्याचा डोळा कापणार होतो ना, भाऊ."

मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी दंडाला धरून बसवलं. संशोधनाच्या वहीत माझ्या नावापुढचं 'यशस्वी' खोडून 'फसली' लिहिलं. पेन कितीतरी वेळ तिथंच टेकलेलं होतं.

"आता सांगा, काय काय दिसत नाही?"

गावाकडं रोज फोनवर मी 'बरा आहे' म्हणतो. साहेबांना मात्र सगळं सांगितलं.