काकांच्या होकाराची परीक्षा

लिहिण्याची सवय मला फार उशिरा लागली. त्यामुळे एकेक वाक्य मी अजूनही तपासून पाहतो. आणि आता जी घटना सांगणार आहे, तीही माझ्या मनात तशीच तपासायची राहून गेली आहे.

सत्तरच्या दशकात मी मंगरूळपीरच्या एका शाळेत विज्ञान शिकवीत असे आणि काकांच्या घरी राहत असे. काका मुलीसाठी स्थळ पाहायला एकटेच आसेगावला गेले आणि परतताना एसटीतून उतरता उतरताच कोसळले. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकदमच गेली. आसेगावला त्यांनी होकार दिला की नकार, हे सांगणारे दुसरे कुणी नव्हते.

काही आठवड्यांनी मुलाचे वडील मध्यस्थाला घेऊन आले.

"काकाजीनं शब्द देल्ला हाये," मध्यस्थ म्हणाला. "आमच्या संग पोटभर जेवले."

हा दावा साधा नव्हता. मुलीच्या बापाने स्थळ पसंत पडले तरच तिथे जेवायचे, नाहीतर नुसते पाणी पिऊन उठायचे, असा आमच्यात रिवाज होता.

काकूंनी बाजेजवळ जाऊन विचारले, "खरं हाये का हे?"

"हो," काका स्वच्छ म्हणाले.

दाराआडून माझ्या चुलत बहिणीने घाईने विचारले, "बाबा, तुमी नाही म्हटलं नं?"

"हो."

त्यांच्यापाशी तेवढा एकच शब्द उरला होता. बहिणीला नर्सिंगला जायचे होते आणि त्या एका शब्दावर तिचे सगळे अडून बसले होते.

संध्याकाळी काकांना आधार देऊन विहारात नेले. पाहुणेही आले. वंदना सुरू झाली आणि काकांनी त्रिशरण, पंचशील, सारे न अडखळता म्हटले. परतून ओट्यावर बसताच मध्यस्थ मुलाच्या वडिलांकडे वळला.

"वंदना सारी येते, अन् पोरीच्या लग्नाचं इचारलं का लकवा! इवाई, हे माणूस सोंग करून राह्यलं."

त्यानंतर काकूसुद्धा काकांकडे टक लावून पाहू लागल्या.

मी बोलायला बिचकणारा माणूस. पण शिकवण्याचे निमित्त मिळाले की मला थोडा धीर येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणचारासाठी आणलेल्या बोकडाचा भेजा मी ताटलीत घेऊन ओट्यावर आलो.

"मास्तर, हे खायचं सोडून शिकवता कायले?" मध्यस्थाने विचारले.

मी बोटाने दाखवीत गेलो. मागचा हा लहान मेंदू शरीराचा तोल सांभाळतो. खालचे देठासारखे मस्तिष्कपुच्छ श्वास आणि हृदयाचे ठोके चालू ठेवते. माणसाच्या मोठ्या मेंदूत बहुधा डावीकडे, पुढच्या बाजूला, शब्द जुळवण्याची जागा असते. ऐकलेले समजण्याची जागा तिच्या मागे, कानाच्या वरच्या अंगाला. पुढची जागा बिघडली तर माणसाला समजते, पण बोलता येत नाही. मात्र वर्षानुवर्षे म्हणून मुरलेले पाठांतर कधी कधी दुसऱ्याच वाटेने बाहेर पडते.

"म्हंजे वंदना एका खोलीत अन् लगन दुसऱ्या खोलीत? काकाजीनं भेज्यातबी वाटण्या केल्या म्हना!" मध्यस्थ म्हणाला.

सगळे हसले. काकाही हसले, अर्ध्या चेहऱ्याने. ते हसू पाहून मी मनातल्या मनात चपापलो. इतके नेमके हसणारा माणूस खरोखरच अडलेला असेल का, अशी शंका माझ्याही मनाला शिवून गेली.

बहीण स्वयंपाकघरात माझी वाट पाहत होती.

"दादा, समजायची जागा शाबूत हाये नं?"

"असावी."

"मंग बोलायची गरजच काय?"

दुपारी ऊन चांगलेच तापले असताना तिने सर्वांसमक्ष काकांपुढे भाकरीचे ताट ठेवले आणि शेजारी पाण्याने भरलेला लोटा. "बाबा, आसेगावले जे घेतलं, त्यालेच हात लावा."

काकांचा डावा हात सरळ लोट्याकडे गेला. त्यांनी लोटा तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. ताटाकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही.

मध्यस्थ हसत म्हणाला, "तहान लागली असन!" या वेळी कुणीच हसले नाही. मुलाच्या वडिलांनी टोपी चढवली आणि जेवणाची वाट न पाहता ते बाहेर पडले. सोयरीक तिथेच मोडली. काकू डोळे पुसत काकांच्या पायाशी बसल्या.

मी रिकामा लोटा घेऊन आत गेलो. काकांच्या उशाशी एक पितळी तांब्या नेहमी भरून ठेवलेला असे. तो चुलीमागच्या फळीवर पालथा होता. मी हात लावून पाहिले. तो आतून कोरडा ठणठणीत होता आणि त्याच्यावर सकाळच्या चुलीची राख बसलेली होती.

"दादा, काय पाहून राह्यले?" मागून बहिणीने विचारले.

"काही नाही," मी म्हणालो आणि तांब्या होता तसा पालथा ठेवला.

तिने तो उचलला, धुतला, काठोकाठ भरला आणि बापाच्या उशाशी नेऊन ठेवला.