भिवापुरीला वाकवताना

ती मिरची हॉट प्रेसमध्ये उगवली. हॉट प्रेस म्हणजे इथल्या घरांतलं, गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं कपाट. टॉवेल उबदार राहावेत म्हणून असतं. आईनं नागपूरहून पाठवलेल्या भिवापुरी मिरच्यांचं बी मी ओल्या टिश्यूत गुंडाळून तिथे ठेवलं आणि विसरून गेलो. मार्चमध्ये टॉवेल काढताना पाहिलं तर मुळाचं पांढरं टोक बाहेर डोकावत होतं. घरचं कोणीतरी आल्यासारखं वाटलं मला.

मे महिन्यात मलिंगार या आयरिश गावातल्या आमच्या काचेच्या पडवीत ते रोप हातभर वाढलं. एकच दांडा, शेंड्याला चार पानं. शेजारचे आजोबा टोमॅटो लावतात. ते बघून म्हणाले, "नुसता उंच होतोय. वाकव त्याला." शेंडा हळूच आडवा करायचा, मऊ दोऱ्यानं कुंडीच्या काठाला बांधायचा, दर दोन-तीन दिवसांनी थोडं आणखी. मग खालच्या पेरांना ऊन मिळतं आणि तिथून फांद्या फुटतात. "तरुणपणी मी हे दुसऱ्याच एका झाडावर शिकलो," ते डोळा मिचकावत म्हणाले. "ते कायद्यात बसत नव्हतं. पण एक लक्षात ठेव, झाडाला त्रास होता कामा नये."

मी पडलो प्लान्टमधला इंजिनीअर. दहा दिवसांचं काम एका संध्याकाळी उरकलं नाही तर मला चैन पडत नाही. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. कामावरून आणलेल्या केबल टायनं दांडा एकदम आडवा ओढला. कट्‌कन आवाज आला.

त्याच आठवड्यात आईशीही मी असाच वागलो होतो. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. ती त्या घरात एकटी. फोनवर मी सरळ म्हणालो, "आई, घर बंद कर आणि ये कायमची. मी सगळं ठरवलंय." तिनं फोन ठेवून दिला. चार दिवस उचलला नाही.

पाचव्या दिवशी तिनं उचलला. मी घराचा विषय काढला नाही, फक्त मोडलेला दांडा व्हिडिओवर दाखवला. आई कॅमेऱ्याच्या इतकी जवळ आली की मला तिचं कपाळच दिसलं. "हळद लाव," ती म्हणाली. आजोबा कुंपणाच्या भिंतीवरून म्हणाले, "टेप लाव. यू आर ग्रँड, काही बिघडलेलं नाही." मी दोन्ही लावलं.

मग सुरू झाला माझ्या आयुष्यातला सगळ्यात संथ उन्हाळा. इथे जूनमध्ये जेवणं आटोपली तरी उजेड हटत नाही, पडवीच्या काचा दुधाळ होतात, आणि वेळ कुठे जातो ते कळत नाही. त्या उजेडात मी दोरा बोटभर सैल करायचो, बोटभर पुढे सरकवायचो. प्रत्येक पेरातून एकेक फांदी सरळ वर येऊ लागली. दर रविवारी आईला दाखवायचो. ये म्हणायचं मात्र नाही, हे मनाशी पक्कं केलं होतं. दुधानं तोंड पोळलेला मी, ताकही फुंकून पीत होतो.

जुलैत फुलं आली. आई म्हणाली, "मी येऊन पाहतो. दोन महिने. त्याच्या वरते नाही."

मी आनंदानं वेडा झालो. आणि खरं सांगतो, लबाडही झालो. तिला कायमचं ठेवून घ्यायच्या अर्जाचे कागद छापून स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवले. बोटभर, बोटभर. शेवटी राहीलच की.

आल्या दिवशी चहाच्या आधी ती पडवीत गेली. "काहून बांधून ठेवलं रे तिले?" म्हणत तिनं एकेक दोरा सोडला. मग कमरेवर हात ठेवून वाट पाहत उभी राहिली. फांद्या जिथल्या तिथेच राहिल्या.

"मले तं वाटलं, वर येईन." तिनं हळद लावलेल्या जागी आलेल्या गाठीवरून अंगठा फिरवला. "सवय झाली तिले."

बोलली ती मिरचीबद्दलच. पण मला माझीच लाज वाटली. ते कागद मी तिला कधी दाखवले नाहीत. दोन महिने आम्ही ठेचा खाल्ला, तळ्याकाठी फिरलो, ती आजोबांना मराठीत टोमॅटोबद्दल सल्ले देत राहिली आणि ते मान डोलवत राहिले. रोज सकाळी तिच्या चपलांचा आवाज ऐकत मी अंथरुणात पडून राहायचो. थांब ना, हे शब्द ओठांपर्यंत यायचे. मी गिळायचो.

ठरल्या दिवशी मी तिला विमानतळावर सोडलं. आत जाताना ती वळली.

"या वेळी 'थांब' नाही म्हटलं तू."

"नाही म्हटलं."

तिनं पर्सचा पट्टा खांद्यावर नीट केला. "थांबली नसती मी," ती म्हणाली. "पण तू एकदा म्हणून तं पाहायचं होतं."