नव्या तांदळाचं पाणी

"आपल्या कच्चा-भात मॅडम गेल्या." जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर हा निरोप आला तेव्हा मी नागपूरहून पवनीकडेच निघालो होतो, बस भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या थांब्यावर उभी होती. त्याखाली हात जोडल्याच्या खुणा पडत गेल्या... लिहिणाऱ्यानं प्रेमानंच लिहिलं होतं. पवनीच्या कॉलेजात गेली काही वर्षं लांजेवार मॅडमना सगळे याच नावानं ओळखत, आणि त्याही हसून ओ देत. मी मात्र फोन उलटा करून मांडीवर ठेवला. ते नाव त्यांना माझ्यामुळे पडलं होतं, आणि ग्रुपवरच्या कुणालाही ते ठाऊक नव्हतं. आता काही आठवडे उलटलेत. दुःख आहेच, पण मॅडमची आठवण आली की दुःखाच्या आधी लाज पुढे येते. हे लिहितानाही तसंच होतंय.

मॅडमनी मला बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकवलं. आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेलं, नव्या वसाहतीतून मी सायकलनं कॉलेजला यायचो. पुढे नागपूरला संशोधनाला लागलो तोही त्यांच्याच आग्रहानं. माझं काम संगणकावरचं. एखाद्या पदार्थातले अणू कसे बसतील, त्यांची ऊर्जा किती असेल, याचं गणित करणारं सॉफ्टवेअर असतं, फुकट मिळतं. दिवाळीत मॅडमच्या घरी गेलो असताना सहज त्याबद्दल बोललो, तर बाईंनी फराळाची ताटली बाजूला सारली आणि म्हणाल्या, मलाही शिकव. पन्नाशी ओलांडलेली बाई, आयुष्यभर फळा आणि खडू. मला वाटलं, हौस आहे, चार दिवसांत फिटेल. पण त्यांनी पुतण्याचा जुना कॉम्प्युटर मागच्या खोलीत मांडून घेतला आणि मी गावी आलो की शिकवणी सुरू. तासभर मी शिक्षक. "गुरुजी, आज उशीर केला," असं म्हणून त्या मला चिडवायच्या.

शिकायचा विषय त्यांचा त्यांनीच ठरवला. आपल्या जिल्ह्यात मँगनीजच्या खाणी आहेत, तर मँगनीजच्या ऑक्साइडचंच गणित करू. मी त्यांना माझी इनपुट फाईल दिली, म्हणजे गणित कसं करायचं याच्या सूचना सॉफ्टवेअरला देणारी फाईल. या कामात ही रीतच आहे. कोरी फाईल कुणी लिहीत नाही. सिनियरची उचलायची, अणूंची नावं बदलायची आणि चालवायची. मला माझ्या सिनियरनं दिली, त्याला त्याच्या सिनियरनं, शेजारणीकडून विरजण आणावं तशी. त्या फाईलमध्ये एक आकडा असतो, गणितात किती बारीक लहरी धरायच्या हे ठरवणारा. मॅडमचं बोट बरोबर त्याच्यावर गेलं. हा एवढाच कायले घेतला रे, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, एवढाच ठेवतात. खरं म्हणजे तो आकडा वाढवत वाढवत जायचा असतो, उत्तर हलायचं थांबेपर्यंत. प्रत्येक पदार्थासाठी नव्यानं. पुस्तकात पहिल्याच प्रकरणात आहे हे. मीही ते कधी केलं नव्हतं, आणि माझ्या विद्यार्थिनीला तर सांगितलंच नाही.

वर्षभरात त्यांचा निबंध एका लहानशा संशोधन पत्रिकेत छापून आला. आपल्याकडे सत्काराला निमित्तच लागतं. कॉलेजच्या सभागृहात शाल, श्रीफळ, भाषणं झाली, मुलींनी रांगोळी काढली. मॅडम लाजून लाल झाल्या होत्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांचा फोन आला.

"निलेश, उत्तर हलून राहिलं रे."

तो आकडा त्यांच्या मनातून गेलाच नव्हता. त्यांनी आपणहून वाढवून पाहिला, आणि जसजसा वाढवला तसतसं उत्तर सरकत गेलं. शेवटी थांबलं ते छापल्याच्या अगदी उलट ठिकाणी. निबंधात अणूंची जी रचना जास्त स्थिर म्हटली होती, ती नव्हतीच. मी म्हणालो, मॅडम, ती पत्रिका कोण वाचतं, सोडून द्या. त्या म्हणाल्या की पोरींनी तर वाचली ना. पत्रिकेला त्यांनी त्याच दिवशी कळवलं, आणि प्राचार्यांकडे हट्ट धरला की सत्कार जिथे झाला त्याच सभागृहात मला बोलायचंय.

त्या दिवशी मी मागच्या रांगेत बसलो होतो. समोर मुली, प्राध्यापक, सत्काराला आलेली गावातली मंडळी. अणू आणि लहरी त्यांना काय सांगणार? मॅडम शाल घडी करून घेऊन आल्या होत्या, ती टेबलावर ठेवली आणि घरात बोलतात तशा बोलायला लागल्या. "नव्या तांदळाले पाणी कमी लागते, जुन्याले जास्त. हे तुमाले ठाऊक आहे. मी नव्या तांदळाचं पाणी मोजून घेतलं अन् जुना तांदूळ शिजवाले टाकला. कच्चा भात तुमच्या ताटात वाढला, अन् तुमी मले शाल देली." सभागृह हसलं. धानाच्या मुलखात याहून सोपं कुणी सांगू शकलं नसतं. मॅडमही हसल्या, पण हातांनी टेबलाची कड घट्ट धरलेली होती. मग एका निवृत्त गुरुजींनी विचारलं, तुम्हाला हे सॉफ्टवेअर शिकवलं कोणी? माझा प्रबंध त्या वेळी सादर व्हायचा होता. तीच फाईल, तोच आकडा. नाव निघालं असतं तर माझ्या कामावरही बोट ठेवलं गेलं असतं. मॅडमनी माझ्या दिशेला पाहिलंसुद्धा नाही.

"माझी मीच शिकली," त्या म्हणाल्या.

मी उठलो नाही. घरी येऊन आधी स्वतःचं गणित तपासलं. माझं काम सिलिकॉनवर होतं, त्याला तो आकडा पुरेसा होता; अपुरा पडला तो मॅडमच्या मँगनीजला. नवा तांदूळ माझाच होता म्हणायचा. म्हणजे मी उभा राहून "फाईल माझी" एवढं म्हटलं असतं, तर माझं काहीच बिघडलं नसतं. प्रबंध मान्य झाला, नावापुढे डॉक्टर लागलं. मॅडमना मुलांनी ते नाव ठेवलं, आणि नवीन बॅचला जुनी बॅच ते हसत हसत सांगू लागली. मी पेढे घेऊन गेलो तेव्हा त्यांनी माझी दृष्ट काढली. त्यांचं शिकणं थांबलं नाही आणि माझं जाणंही. दर खेपेला वाटायचं, आज बोलावं. पण इतका उशीर झाल्यावर आता कशाला उकरून काढायचं, अशी मनाची समजूत घालायचो.

शोकसभा त्याच सभागृहात झाली. एका वक्त्यानं कच्च्या भाताची गोष्ट सांगितली, लोक डोळे पुसता पुसता हसले. मला दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा बाईंनी मला कसं घडवलं यावर बोललो आणि खाली बसलो. तिथेही फाईलबद्दल बोललो नाही. सभा संपल्यावर मॅडमच्या यजमानांसोबत, काकांसोबत, घरी गेलो. मागच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. कॉम्प्युटरवर टॉवेल झाकलेला होता. मग मात्र मला राहवलं नाही. काका, ती फाईल माझी होती, मी म्हणालो.

काकांनी मान हलवली. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"माहीत आहे. चूक सापडली त्या पहिल्याच दिवशी सांगतलं होतं तिनं. मी चिडलो होतो तुह्यावर. तं म्हणे, तुमी काही बोलू नका, तो आपल्या तोंडानं सांगन." काकांनी कॉम्प्युटरवरचा टॉवेल सारखा केला. "तू आला का ती मले बजारात पाठवे. घरात दूध रायलं तरी दुधाले पाठवे. म्हणे, तुमच्यासमोर लाजन तो."

मला ते फेरे आठवले... काका पिशवी घेऊन बाहेर पडायचे, मॅडम खुर्ची माझ्याकडे वळवून बसायच्या आणि काही न बोलता थांबायच्या. मला वाटायचं, त्या धडा सुरू व्हायची वाट पाहताहेत. मग मी त्यांना एखादी नवी कमांड शिकवायला घ्यायचो, आणि त्या मान वळवून ती लिहून घ्यायच्या.