समुद्र सोडून आलेले कॅप्टन

रायपूरच्या सदर बाजारात सोनाराच्या दुकानात बसलो असताना भाचीचा, अनुचा, फोन आला. "मामा, पापा नहीं रहे." बाहेरच्या हॉर्नमुळे ऐकण्यात चूक झाली असेल असं वाटून मी पुन्हा विचारलं. तिने तेच शब्द तशाच आवाजात सांगितले. भाऊजी जेवून खुर्चीत पेपर वाचत बसले होते, बसल्या जागीच गेले... आता काही आठवडे लोटलेत. इथल्या ओळखीच्यांना ते शांत, जवळजवळ कंटाळवाणे गृहस्थ वाटायचे. ते जहाजाचे कॅप्टन होते, हे पुष्कळांना तेराव्याच्या जेवणाला कळलं.

माझ्या थोरल्या बहिणीचे, कुसुमताईचे, यजमान दामोदर हे कोकण किनाऱ्यासमोरच्या एका लहानशा बेटावरचे. त्यांचे वडील कॅप्टन, चुलते कॅप्टन. घरटी एक तरी माणूस जहाजावर. ताईचं लग्न ठरलं तेव्हा आई कुरकुरली होती, "रेल्वेतला पोट्टा पाहू ना, पाण्यावरचा काहून?" पण ताई तिथे रमली. पुरुष वर्षातले बरेच महिने बाहेर, त्यामुळे विहिरीच्या पंपापासून बाळंतपणापर्यंत सगळं बायकाच एकमेकींच्या मदतीने निभावायच्या. माहेरी आली की ताई हसून सांगायची, "आमच्या इथं नवरा घरी आला, की पाहुणा आल्यासारखं वाटते."

शेजारच्या पार्वतीकाकू विधवा होत्या, त्यांना संजय हा एकच मुलगा. त्याला खलाशाची नोकरी लागली तेव्हा काकूंनी त्याला स्वतः भाऊजींसमोर आणून उभा केला. "दामू, तुझ्याबरोबर असला म्हणजे मला घोर नाही." भाऊजींनी खटपट करून त्याला आपल्याच जहाजावर घेतलं. पुढे एका खराब हवेत डेकवरचा माल सुटू लागला. तो बांधायला माणसं पाठवणं भाग होतं, आणि भाऊजींनी पाठवली. त्यात संजय होता. एक लाट डेकवरून गेली आणि तो दिसेनासा झाला. भाऊजींनी जहाज वळवलं. कंपनीकडून पुढे निघायचे निरोप येत होते, तरी दुसऱ्या दिवशी उजेड मावळेपर्यंत ते त्याच पाण्यात फिरत राहिले. काहीच हाती लागलं नाही. चौकशीत त्यांच्यावर ठपका आला नाही.

बेटावर परतल्यावर ते घरात पाऊल टाकण्याआधी काकूंकडे गेले. काकूंनी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "त्या दिवशी जेवला होता का रे तो?"

"आणि मला ते माहीत नव्हतं," भाऊजी मला म्हणाले. ही हकिगत त्यांनी मला एकदाच सांगितली, आणि या वाक्याशी थांबले.

त्यांनी नोकरी सोडली, बेटावरच्या घराला कुलूप लावलं आणि ताई आणि तान्ह्या अनुला घेऊन ताईच्या माहेरगावी, रायपूरला आले. शहराबाहेर सिलतऱ्यातल्या एका पोलाद कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून लागले. छत्तीसगढी त्यांना शेवटपर्यंत धड आली नाही, पण पाळीवर येणाऱ्या प्रत्येक कामगाराला ते फाटकाशी "का खाय हस गा?", म्हणजे काय खाल्लंस रे, एवढं बिनचूक विचारायचे. उपाशी माणसाला भट्टीजवळ जाऊ देत नसत. कामगारांना ती साहेबांची गंमत वाटायची. बेटाचा विषय घरात कुणी काढायचा नाही, असा अलिखित नियमच होता. अनु तर समुद्राची काहीच आठवण नसताना मोठी झाली.

मग एका सकाळी काकूंचा फोन आला. मी त्यांच्याकडेच होतो. ताईने फोन भाऊजींच्या हातात दिला. काकूंचा आवाज मलाही ऐकू येत होता. "दामू, मुलगा समुद्राने नेला. पण शेजार तू नेलास. तुझ्या घराकडे तोंड करून किती वर्षं बसू मी?"

भाऊजींनी फोन ठेवला. मग ताईला म्हणाले, "बॅग काढ."

ताई मागाहून सांगायची, की काकूंच्या दारात ते आधी नुसते उभे राहिले, आणि काकूंनी हाताला धरून आत नेलं. पुढे दरवर्षी ते महिनाभर तिथे जाऊन राहत, अनुला मात्र कधी नेलं नाही. काकूंची कौलं शाकारत, त्यांना डॉक्टरकडे नेत. संजयबद्दल दोघं मोकळेपणाने बोलत, चक्क हसतसुद्धा. परत आलेले भाऊजी आम्हाला जरा वेगळे दिसायचे... मोकळे.

अस्थी घेऊन ताईबरोबर मी गेलो होतो. काकू आता फार थकल्यात, तरी धक्क्यावर आल्या होत्या. कलश त्यांनी मागून घेतला आणि घरापर्यंत मांडीवर धरून रिक्षात बसल्या. विसर्जन झालं. चौथ्या दिवशी मी सामान बांधलं, ताईने बांधलं नाही.

"तू जा," ती म्हणाली. "काकू एकटी आहे. मी इथं राहून राहिली आता."

परवा अनु आणि मी नव्या रायपुरातल्या ताई-भाऊजींच्या फ्लॅटवर गेलो. झाडांना पाणी घालून झाल्यावर अनु बाल्कनीत उभी राहिली. समोर रुंद, रिकामा रस्ता होता. आयुष्यभर हिंदीतून उत्तरं देणारी ही पोरगी हळूच मराठीत म्हणाली, "मामा, सुट्टी लागली की मले तिकडे घेऊन चला. मले पोहता येत नाही, पण मले समुद्र पाहायचा आहे."